एक मिलिमीटर माती

“ताई, जरा खाली येता का?”

बाबा एवढंच म्हणाले आणि वळून उतरायला लागले. जूनचा शेवटचा आठवडा होता. रात्रभर कोसळून पाऊस सकाळी उघडला होता आणि मी साइट ऑफिसात बसून पंपाच्या डिझेलचा हिशेब जुळवत होते. बाबा म्हणजे आमच्या साइटखालच्या भातखाचरांचे मालक. सत्तरीच्या पुढचे, डोक्यावरून खताच्या गोणीची खोळ घेतलेली. ते भांडायला आले असते तर मला सोपं गेलं असतं. ते काहीच बोलत नव्हते.

ओढ्याच्या कडेने आम्ही खाली गेलो. रोपाच्या खाचरात चार बोटं वर आलेलं, वाऱ्याने हलणारं हिरवं रोप असायला हवं होतं. तिथे नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत तांबडी जमीन होती आणि तिच्यातून कुठे कुठे पात्यांची टोकं वर आली होती. बाबा उकिडवे बसले. नखाने त्यांनी एक पोपडा उचलून हातावर घेतला आणि मला दाखवला. वर दुधावरच्या सायीसारखा चकचकीत थर, त्याखाली पिठासारखी मऊ माती, सगळ्यात खाली वाळू आणि मुरमाची कच. पाण्याने रात्रीत चाळून, निवडून, एकावर एक ठेवलेली. खालच्या थरातली चिमूट त्यांनी अंगठा आणि बोटात धरून माझ्या कानाशी चोळली.

“ऐका. कचकचतंय. माझ्या खाचराची माती अशी कचकचत न्हाई. ही वरची हाय.”

वरची म्हणजे आमची. म्हणजे माझी.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. त्यानंतर मी बऱ्याच साइट केल्या, पण माती या विषयावर मला जे काही कळलं ते त्या खाचरापासून पुढचं आहे. त्याआधी मी माती घनमीटरात मोजत होते, ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापात, मोजत होते, डंपरच्या फेऱ्यांत मोजत होते. पाण्याबरोबर जाणारी माती मी कधीच मोजली नव्हती.

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या वाटेवर, डोंगराच्या उतारावरचे बारा एकर. बंगल्यांचे प्लॉट पाडायचे होते. एप्रिलमध्ये पोकलेन आला आणि तो आला की त्याचं भाडं सुरू होतं, म्हणून सगळंच एकदम उघडायचं ठरलं. आतले रस्ते, प्लॉटची सपाटी, गटारांचे चर. वीस-बावीस दिवसांत बारा एकर सोलून निघाले. करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, हिरड्याची दोन-चार झाडं, गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली वरची काळपट माती, हे सगळं बादलीने उताराच्या कडेला ढकललं गेलं आणि त्याच्यावर मुरूम पडला. उघडे, लाल, सरळ रेषेत आखलेले प्लॉट गिऱ्हाइकाला दाखवायला छान दिसतात. मेच्या शेवटी आमचे मुकादम एकदा म्हणाले होते, “मॅडम, खालच्या अंगाला कायतरी बांधून घ्यायला पायजे.” मी म्हणाले, पाऊस लागला की बघू. रोजच्या कामाच्या वहीवर सही माझी असायची, त्यामुळे हे दुसऱ्या कुणावर ढकलण्यासारखं नाही.

खाचरातून वर आले आणि पहिल्यांदा नीट बघायला लागले. सगळ्यात आधी दिसली ती साइट ऑफिसची भिंत. मे महिन्यात तिला चुना मारला होता. जमिनीपासून साधारण दोन फुटांपर्यंत ती आता तांबडी झाली होती. ठिपके ठिपके, वर विरळ, खाली दाट. ही पावसाच्या थेंबांची करामत. वळवाचा किंवा जोराच्या सरीचा मोठा थेंब पाच-सहा मिलिमीटरचा असतो आणि जमिनीवर पोचतो तेव्हा ताशी तीसेक किलोमीटरच्या वेगात असतो. गवतावर पडला तर पात्यावर फुटतो, निथळतो, मुळाशी जिरतो. उघड्या मातीवर पडला तर सुरुंगासारखा फुटतो. ढेकूळ मोडतो, कण सुटे करतो आणि दोन दोन फूट वर उडवतो. हे सुटलेले बारीक कणच मग मातीची छिद्रं बुजवतात, वर एक कातडं धरतं आणि पाणी जिरायचं थांबतं. जमिनीवरून पाणी वाहायला लागतं ते त्यानंतर. धुपीची सुरुवात ओढ्यात होते असं मला वाटायचं. ती होते थेंबात, आणि तिची खूण आमच्या ऑफिसच्या भिंतीवर रोज माझ्या पाठीमागे होती.

पुढचा टप्पा ओघळींचा. डंपरच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या उताराला सरळ खाली जात होत्या. पाण्याला आयती वाट मिळाली होती. टेप घेऊन मी मोजत गेले. वरच्या बाजूला बोटभर खोल, मध्ये वीतभर, आणि जिथे तीन ओघळी एकत्र येऊन ओढ्याकडे वळत होत्या तिथे माझा गुडघा आत जाईल एवढी घळ. दोन पावसांत.

पण ओघळी निदान दिसतात. सपाट वाटणाऱ्या जमिनीवरून जी माती सगळीकडून सारखी निघून जाते ती डोळ्यांना दिसतच नाही. त्या रात्री मी एक साधा हिशेब केला आणि तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. एक एकर जमिनीवरून फक्त एक मिलिमीटर माती गेली, म्हणजे एखाद्या नाण्याच्या जाडीपेक्षाही कमी, तर ती होते चार घनमीटर. जवळजवळ दीड ब्रास. बारा एकरांवरून एक एक मिलिमीटर गेला तर सतरा ब्रास. रेतीचा एक ब्रास कमी आला तर आम्ही पुरवठादाराशी तासभर हुज्जत घालतो. इथे सतरा ब्रास माती कुणाला न विचारता कुंपणाखालून निघून जाते आणि साइटवर उभं राहून बघितलं तर जमीन होती तशीच वाटते.

दुसऱ्या दिवशी ओढ्यातलं पाणी मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ऑफिसच्या खिडकीत ठेवलं. वाळू मी बाटली टेबलावर ठेवेपर्यंतच तळाला गेली. दुपारी जेवायच्या सुट्टीपर्यंत मधला थर बसला. वरचं पाणी मात्र चहासारखंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच, आठवड्यानंतरही पुरतं निवळलं नव्हतं. कॉलेजात स्टोक्सचा नियम, म्हणजे पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो त्याचं सूत्र, पाठ केला होता, परीक्षेत गणितं सोडवली होती. दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो. त्याच्या दहाव्या भागाएवढ्या पोयट्याच्या कणाला तीन-साडेतीन तास लागतात. आणखी दहापट बारीक, चिकणमातीचा कण घेतला तर दोन आठवडे. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी होतो, एवढंच ते सूत्र आहे. पण त्याचा अर्थ मला त्या बाटलीने शिकवला. साइटच्या तोंडाशी गाळ बसायला खड्डा खणला की काम झालं असं आम्ही समजत होतो. खड्ड्यात वाळू बसते. थोडा पोयटा बसतो. जी खरी माती, पिकाला धरून ठेवणारी, ती दोन आठवडे स्थिर उभं राहणाऱ्या पाण्याची वाट बघत असते, आणि आमच्या खड्ड्यात पाणी अर्धा तासही थांबत नाही. एकदा ती पाण्यात मिसळली की गेली. धरायची तर ती जिथे आहे तिथेच धरायला हवी.

मी आप्पांना फोन केला.

आप्पा म्हणजे माझे वडील. १९७२च्या दुष्काळात ते विशीत होते. दुष्काळी कामांवर मस्टर लिहिता लिहिता ते मृद संधारणाच्या खात्यात लागले आणि पस्तीस वर्षं नगर-सोलापूरकडच्या तालुक्यांत बांधबंदिस्ती, ताली, नालाबांध हेच करत राहिले. लहानपणी आमच्या घरात ‘पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा, थांबलेल्याला जिरवा’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडलं की मला त्याचा कंटाळा आला होता. मी स्थापत्य अभियांत्रिकीला गेले तेव्हा त्यांचं काम आणि माझं काम यांचा काही संबंध आहे असं मला वाटलंच नाही. त्यांचं गाव-शिवारातलं, माझं सिमेंट-लोखंडातलं.

आमच्याकडे पावसात साइटवर एकच हुकूम असतो: पाणी बाहेर काढा. पाया भरलाय, पंप लाव. रस्त्यावर साचलंय, चर मार, सोडून दे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेलं असतं आणि आम्ही त्याच गावाच्या डोंगरावर नेमकं उलटं करत होतो.

आप्पा आले ते एसटीने, शबनममध्ये एक पंचा आणि औषधाच्या गोळ्या घेऊन. चहा नको म्हणाले. आल्या आल्या विचारलं, “माथा कुठाय?” मी त्यांना खालची घळ दाखवायला निघाले होते, कारण तक्रार तिथून आली होती. “ते शेवटी. माथ्यावरून सुरुवात करायची. माथा ते पायथा. खाली कितीही बांधलंस तरी वरून लोंढा आला की सगळं घेऊन जाणार.”

माथ्यावर गेल्यावर कळलं की साइटवरचं निम्मं पाणी आमचं नव्हतंच. आमच्या हद्दीच्या वर जंगल खात्याचा डोंगर आहे. तिथलं पाणी झाडीतून येतं, स्वच्छ असतं, आणि आमच्या कुंपणात शिरून उघड्या मुरमावरून धावत सुटतं. आप्पा म्हणाले, हे पाणी आपल्या अंगणातून जायचं कारण नाही. हद्दीच्या वरच्या कडेने तिरका चर काढून ते बाजूच्या कातळी ओढ्यात वळवायचं. स्वच्छ पाणी स्वच्छ असतानाच बाहेरून जाऊ द्यायचं. त्या एका चराने खालचं काम निम्म्यावर आलं. आमच्या नकाशात पावसाळी गटारं होती, पण ती प्रकल्प पूर्ण झाल्यावरची. बांधकाम चालू असतानाच्या दोन-तीन पावसाळ्यांत पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल याचा नकाशा कुणीच काढला नव्हता. मीही नाही.

मग त्यांनी गवंड्याकडची पाणीपातळीची नळी मागितली. हीच ती जागा, जिथे मला एकदम लाज आणि आनंद दोन्ही वाटलं. जोत्याची पातळी घ्यायला आमचा गवंडी जी पारदर्शक नळी पाण्याने भरून वापरतो, तीच नळी दोन काठ्यांना बांधून आप्पांनी आयुष्यभर डोंगरावर समतल रेषा आखल्या होत्या. गावागावांत पाणलोटाच्या प्रशिक्षणात हल्ली तिला हायड्रोमार्कर म्हणतात. एक काठी गवंड्याने धरली, एक आप्पांनी. दोन्हीकडचं पाणी एका खुणेवर आलं की खाली फक्कीची टिंब. टिंबं जोडत गेलं की उतारावर एक वाकडीतिकडी रेषा उमटते, ती सगळी एकाच उंचीवर असते. त्या रेषेवर चर, चराच्या खालच्या अंगाला निघालेल्या मातीची ताल, म्हणजे आडवा बांध. उताराची लांबी तोडायची, एवढाच त्यातला मुद्दा. अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी विशमायर आणि स्मिथ यांनी १९६५ साली धुपीचं जे सूत्र छापलं, त्यात पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी आणि तीव्रता, जमिनीवरचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती, एवढे गुणक आहेत. पाऊस आणि मातीचा प्रकार आपल्या हातात नसतो. लांबी आणि आच्छादन मात्र पूर्ण हातात असतं. आम्ही एप्रिलमध्ये लांबी वाढवून ठेवली होती आणि आच्छादन शून्यावर आणलं होतं.

घळीत त्यांनी अनगड दगडी बांध घालून घेतले. दगड आमच्याच खोदाईतला होता, कडेला ढीग पडून होता. मोठा दगड तळात आणि दोन्ही काठांत रुतवून, बारीक दगड पोटात, खालच्या बाजूला लांबट उतार. माथा दोन्ही कडांना उंच आणि मध्ये वीतभर खोलगट, म्हणजे पाणी मध्यावरून सांडेल आणि काठ कापणार नाही. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एका पातळीत येईल एवढ्या अंतरावर पुढचा बांध. गवंड्याला राहवेना. त्याने घमेल्यात सिमेंट कालवायला घेतलं, सांधे भरून देतो म्हणाला. आप्पांनी त्याचा हात धरला. “नको. पाणी यातून गाळून गेलं पाहिजे. सांधे भरलेस तर तो धरण होईल आणि पहिल्याच पुरात फुटेल.” आमच्या धंद्यात फट म्हणजे दोष. त्या बांधात फट हेच काम होतं.

खालच्या कुंपणाला आम्ही घाईघाईने हिरवी शेडनेट बांधली होती. पाणी तिच्याखालून जात होतं, कारण तिची खालची कड जमिनीवर नुसती लोंबत होती. कड सहा इंच खोल चरात गाडून, वर माती दाबून, मागे वासे ठोकले तेव्हा कुठे ती उभी राहिली. साइटच्या फाटकाशी मोठ्या खडीचा पन्नास फुटांचा पट्टा टाकला, म्हणजे डंपरच्या टायरांची माती रस्त्यावर पोचण्याआधी झडते. याआधी आम्ही काय करायचो, तर रस्ता चिखलाचा झाला की टँकरने धुऊन काढायचो. रस्ता स्वच्छ दिसायचा आणि तो सगळा चिखल गटारातून त्याच ओढ्यात जायचा.

आणि पेंढा. मला वाटतं सगळ्यात जास्त काम पेंढ्याने केलं. गेल्या हंगामातला भाताचा पेंढा आसपासच्या गावांतून विकत घेतला आणि जिथे लगेच काम नव्हतं त्या उतारांवर एकरी दोनेक टन पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून वर काथ्याची सुंभं ताणून खुंट्या मारल्या. थेंब पेंढ्यावर पडतो. त्याचा जोर तिथेच संपतो. दोन आठवड्यांत पेंढ्यातून मारवेलीचे कोंब दिसायला लागले. तालींवर आप्पांनी वाळ्याचे ठोंब लावून घेतले, वीतभरापेक्षा कमी अंतराने. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन तीन मीटरपर्यंत. वरचं गवत दाट कुंपणासारखं उभं राहतं आणि पाणी त्याच्यातून हळू गाळून जातं. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी जगभर वाळ्याचा प्रचार केला, पण कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून बांधावर वाळा लावत आले होते. तिथेच तर तज्ज्ञांनी तो पाहिला.

हे सगळं करूनही त्या वर्षी ओढ्याचं पाणी तांबडंच राहिलं. जुलै अर्धा उलटून गेला होता आणि जमीन उघडीच होती. लांबी तोडली, वेग मोडला, वाळू आणि मुरूम थांबला. चिकणमाती जातच राहिली. हे काम मृगाच्या आधी करायचं असतं, रोहिणीत, जमीन कोरडी असताना. त्याहून खरं म्हणजे एप्रिलमध्ये, पोकलेन येण्याआधी, कुठली जमीन या वर्षी उघडायचीच नाही हे ठरवायचं असतं. न उघडलेल्या जमिनीएवढी माती कुठलाच बांध धरत नाही.

तेच आम्ही का करत नाही, यावर मी खूप विचार केला आहे. मला सापडलेलं कारण आमच्या बिलात आहे. आमच्या धंद्यात खोदाईचा दर आहे, वाहतुकीचा आहे, भरावाचा आहे, दबाईचा आहे. माती हलली की मोजमाप पुस्तकात नोंद होते, नोंद झाली की बिल निघतं. जी माती हलली नाही तिचं बिल निघत नाही. गाळ काढण्याची निविदा निघते, दरवर्षी मेमध्ये नालेसफाईची निघते, नदीचं पात्र साफ करायची निघते. माती जागेवर धरून ठेवण्याची बाब मी काम केलेल्या कुठल्याही अंदाजपत्रकात मला वेगळी लिहिलेली सापडली नाही. चर, पेंढा, दगडी बांध, वाळा असा जो खर्च आम्ही त्या वर्षी केला तो ‘किरकोळ’ या सदरात टाकावा लागला. किरकोळ! डोंगर जागेवर ठेवायचा खर्च.

माझी एक वर्गमैत्रीण अमेरिकेत मेरीलँडमध्ये असते, याच कामात. तिच्याशी बोलल्यावर कळलं की तिकडेही हे आपोआप झालेलं नाही. साठच्या दशकात वॉशिंग्टन-बाल्टिमोरच्या आसपास वसाहती उभ्या राहात होत्या तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन वोल्मन यांनी नद्यांमधला गाळ मोजला. १९६७मध्ये त्यांनी मांडलं की शेतीच्या भागातून वर्षाला चौरस मैलामागे काहीशे टन गाळ येत होता, आणि बांधकाम चालू असलेल्या लहान तुकड्यांतून त्याच मापाने काही हजार टनांपासून एक लाखाच्या वर. १९७०मध्ये मेरीलँडने गाळ रोखण्याचा कायदा केला. आता त्या देशात एक एकर किंवा जास्त जमीन उघडायची तर माती कशी धरणार याचा आराखडा आधी लागतो. केंद्रीय परवान्याच्या नियमांत पाव इंच पावसानंतर चोवीस तासांत साइट तपासण्याची अट आहे. एखाद्या भागातलं काम चौदा दिवस किंवा त्याहून जास्त थांबणार असेल तर तो भाग झाकून टाकायचा. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे पाव इंचाचं. पाऊस पडल्यावर कुणीतरी चालत जाऊन बघणं.

आपल्याकडे २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटर आणि त्यापुढे बांधीव क्षेत्र असलेल्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि वरची सुपीक माती राखून ठेवण्याची अट त्या मंजुरीत असते. जमीन बारा एकर असली तरी आमचं बांधीव क्षेत्र त्या मर्यादेच्या बरंच खाली होतं. डोंगरउतारावरची बहुतेक छोटी कामं तशीच असतात. पाणी मात्र बांधकामाचं क्षेत्रफळ विचारत नाही.

पुण्यात राहणाऱ्या माझ्या वयाच्या कुणालाही ६ जून २०१३ची संध्याकाळ आठवत असेल. कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीत, डोंगर फोडून सपाट केलेल्या, ओढे बुजवलेल्या उतारावरून सातारा रस्त्यावर लोंढा आला आणि मोटारीतली आई आणि तिची वर्षाच्या आतली मुलगी वाहून गेल्या. तो काही शंभर वर्षांतला पूर नव्हता. वळवाचा पाऊस होता. मी तेव्हा शहरातल्या एका साइटवर होते आणि पेपरात ती बातमी वाचून मला वाईट वाटलं होतं, पण तिचा माझ्या कामाशी संबंध जोडायला मला बाबांच्या खाचरापर्यंत यावं लागलं. आणि चिपळूण. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचा पूर शहरात शिरला. त्यामागे अनेक कारणं होती, अफाट पाऊस हे पहिलं. पण त्या वर्षाच्या अखेरीला चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले ते नदीतला गाळ काढा म्हणून. गावातले लोक गाळासाठी उपाशी बसतात याचा अर्थ प्रत्येक साइट इंजिनिअरने एकदा तरी मनाशी लावून बघावा असं मला वाटतं. गाळ नदीत जन्माला येत नाही. तो कुठल्या तरी उतारावर कुणाची तरी माती असतो.

बाबांना भरपाई मिळाली. मी त्यासाठी ऑफिसात भांडले, रक्कम ठीक होती. रोप त्यांनी मेहुण्याच्या गावावरून मागून आणलं आणि लावणी दोन आठवडे उशिरा झाली. पण खाचराचं काय? ते त्यांच्या आजोबांनी दगड रचून, ओढ्याचा पोयटा वर्षानुवर्षं आत घेऊन तयार केलेलं. चिखलणी करताना बैलाच्या पायाखाली आता मुरूम लागायचा. त्या दिवाळीनंतर बाबा आणि त्यांची सून फावडं-घमेलं घेऊन वरचा थर खरवडून बांधावर टाकत होते. मी एका रविवारी गेले, त्यांच्याबरोबर दिवसभर घमेली उचलली. त्यांनी नको म्हटलं नाही. दुपारी सुनेने भाकरी आणि अंबाडीची भाजी दिली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी मिळून अर्ध्या खाचराचाही थर काढला नव्हता. पाण्याला हे आणून टाकायला एक रात्र लागली होती.

आप्पा पुन्हा एकदा आले, पुढच्या मेमध्ये. त्या वेळी बाबा आणि ते तालीवर बसून बराच वेळ बोलत होते. दोघांच्या बोलीत केवढा फरक, पण विषय एकच, कुठल्या वर्षी कुठला बांध फुटला. त्या वर्षी आम्ही फक्त तीन एकर उघडे ठेवले होते. वरची माती वेगळी काढून, ढीग करून, ढिगावर ताग पेरायचं ठरवलं होतं. मुकादमांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात मला न विचारता सगळे चर एकदा फिरून साफ करून घेतले होते. फाटकाशी पत्र्याच्या डब्यात पट्टी लावून त्यांनी पाऊस मोजायला सुरुवात केली होती आणि रोजच्या वहीत हजेरीच्या वर तो आकडा लिहीत होते.

ती साइट कधीच संपली. मी आता दुसरीकडे आहे. पण पहिला मोठा पाऊस झाला की बाबांचा फोन येतो. या वर्षीही आला. मागून ओढ्याचा आवाज येत होता.

“ताई, पाणी आलंय खाचरात.”

“कसं आहे, बाबा?”

ते थोडा वेळ बोलले नाहीत. ते वाकून चिमूट घेत असणार, हे मला इकडे कळत होतं.

“गढूळ हाय अजून. पण कचकच न्हाई.”

“एका बाटलीत भरून ठेवा,” मी म्हणाले. “रविवारी येते.”